मोहोर आणि फळ



आपण ज्या गांवांत राहतों त्यांच्या नांवांकडे कधीं लक्षपूर्वक पाहिलें आहे काय? पिंपरी म्हटलें कीं पिंपळ आठवतो. चिंचवड ह्या एका नांवांत तर चिंच व वड शेजारीं शेजारीं उभे आहेत. आज ह्या गांवांची ओळख कारखान्यांची धडधड, चाकणच्या रस्त्यावरील अवजड वाहनांच्या रांगा आणि तीन पाळ्यांनीं चालणारें जीवन अशी झाली आहे. तरी पवनेच्या कांठचे, देहूच्या वाटेवरचे आणि शाळेच्या कुंपणालगतचे वृक्ष आपला जुना कालक्रम सोडावयास तयार नाहींत. शिशिर सरतां सरतां पिंपळाचीं पानें पिवळीं पडून गळतात, आणि थोड्याच दिवसांत त्याच फांद्यांवर तांबूस, तकतकीत पालवी दिसूं लागते.

ह्या लेखांत दोन गोष्टींचा एकत्र विचार करावयाचा आहे. एक, हिंवाळ्यानंतर येणारा वसंत. दुसरी, दीर्घ दुखण्यानंतर येणारें आरोग्य. ही तुलना नवी नाहीं. कवींनीं ती पुष्कळ वेळां केली आहे, पण शिशिर सरला कीं वसंत येतोच, तसा रोगीही बरा होतोच, एवढें सांगून ते मोकळे होतात. प्रत्यक्षांत वृक्ष इतक्या सहजासहजीं फळत नाहीं व रोगीही इतक्या सहजासहजीं बरा होत नाहीं. आरंभींची टवटवी आणि शेवटचें फळ ह्यांत मोठें अंतर असतें, आणि त्या अंतरांतच पुष्कळ घरें फसतात.

प्रथम वृक्षांकडे वळूं. थंड देशांत झाडें पानें टाकतात तीं थंडीच्या व हिमाच्या भयानें. आपल्या मावळांत हिम नाहीं; येथें झाडांस भीति वाटते ती तहानेची. पाऊस आश्विनांत आटोपतो, कार्तिकापासून जमीन वाळूं लागते, आणि प्रत्येक पान म्हणजे पाणी बाहेर उडून जाण्याची एक वाट. ती वाट बंद करण्याकरितां झाड पानाच्या देंठापाशीं एक पातळ थर तयार करतें व पान सोडून देतें. तत्पूर्वीं पानांतील उपयुक्त द्रव्यें तें आंत ओढून घेतें. गळालेलें पान पाहून आपणांस ऱ्हास वाटतो. झाडाच्या हिशेबीं ती बचत असते. त्याच सुमारास पानाच्या बगलेंत, इवल्याशा खवल्यांच्या आवरणाखालीं, पुढील पालवीचा अंकुर बसलेला असतो. एखादी मोडून पडलेली निष्पर्ण फांदी हातीं आली तर नखानें तो खवला हळूच उकलून पाहा. आंत कांहीं हिरवें सांपडेल.

आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. आपला वसंत कोरडा असतो. चैत्रांत पाऊस नाहीं, विहिरींचें पाणी खोल गेलेलें, ऊन रोज चढतें. आणि नेमक्या अशा वेळीं वड, करंज, कडुनिंब नव्या पानांनीं भरून येतात. पळस व कांटेसावर तर त्याआधींच, अंगावर पान नसतांना फुलून घेतात. ह्यांस पाणी कोठून मिळतें? खोल गेलेल्या मुळांतून व खोडांत साठविलेल्या संचयांतून. दिवस मोठा होऊं लागल्याची खूण झाडास मिळते आणि तें आपली शिल्लक खर्चावयास काढतें. शांत, निरुद्योगी दिसणारा हिंवाळा हा असा कामाचा काळ असतो.

आंब्याची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. आंब्याच्या फांदीच्या टोंकाशीं जी कळी असते तिच्यांतून पालवीही निघूं शकते व मोहोरही. कांहीं आठवडे रात्री चांगल्या थंड गेल्या तर ती मोहोराकडे वळते. थंडी नीट पडलीच नाहीं तर पुष्कळदां नुसती पालवी येते. मोहोर आला कीं त्याच्या वासानें वाटसरू थबकतो. पण बागवानास विचारा. मोहोर पाहून तो आंब्याचे पैसे मोजीत बसत नाहीं. ढगाळ हवा आली, अवकाळी पाऊस पडला, तुडतुडे किंवा भुरी पडली कीं मोहोर काळा पडून झडतो. एका तुऱ्यावर शेंकडों फुलें असतात आणि त्यांतून हातीं लागणारें फळ एखादें-दुसरें. मोहोरापासून पक्व फळापर्यंत सुमारें चार महिने जावे लागतात, व ते चारही महिने राखणीचे असतात.

आपल्या पंचांगांतही हा भेद राखलेला आहे. वसंतपंचमी येते माघ शुद्ध पंचमीस. पण ऋतुगणनेप्रमाणें माघ-फाल्गुन हे शिशिराचे महिने आणि चैत्र-वैशाख वसंताचे. म्हणजे नांवानें वसंताचा सण झाला तरी शिशिराचे सुमारें पंचावन्न दिवस अद्याप उरलेलेच असतात. ज्या कोणी ही योजना केली त्याला माणसाची उतावीळ चांगली ठाऊक असावी, असें आम्हांस वाटतें.

आतां दुखण्याकडे येऊं. हिंवाळ्यांत पडसें-खोकला घरोघर असतो व आठवडा-पंधरवड्यांत जातो. त्याचा येथें विचार नाहीं. जें दुखणें महिनेच्या महिने अंथरुणाशीं खिळवून ठेवतें व माणसास आंतल्या आंत झिजवितें, त्याचें आपल्याकडील सर्वांत जुनें व अजूनही न सुटलेलें उदाहरण म्हणजे क्षय, ज्यास आज घरोघर टी.बी. म्हणतात. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांश भारतांत आहेत. दाट वस्ती, एका खोलींत पांच-सहा माणसें, रात्रपाळीची झोपमोड, वेळीं-अवेळीं खाल्लेलें अन्न, ह्या गोष्टी आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यांत आहेतच. तेव्हां हा विषय दूरचा मानूं नये.

डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचें चरित्र तुमच्यापैकीं अनेकांनीं वाचलें असेल. १८६५ सालीं जन्मलेल्या ह्या स्त्रीनें अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मार्च १८८६ मध्यें मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत त्यांची नेमणूकही ठरली होती. पण त्या स्वदेशीं परतल्या त्या क्षयानें झिजलेल्या अवस्थेंत. तो सारा हिंवाळा दुखण्यांत गेला, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पाडव्यास महिनाभर उरला असतां, पुण्यांत त्यांचा अंत झाला. त्यांस बावीसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. आतां दुसरी एक तारीख ह्या तारखेजवळ ठेवून पाहा. क्षयाचा जंतु आपणांस सांपडला असल्याचें रॉबर्ट कॉख ह्यांनीं बर्लिन येथें २४ मार्च १८८२ रोजीं जाहीर केलें होतें. (म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळतात.) म्हणजे आनंदीबाई आजारी पडल्या तेव्हां शत्रूचें नांव व रूप ठाऊक झालेलें होतें, शस्त्र मात्र जगांत कोणापाशीं नव्हतें. रोगाचें कारण समजणें आणि त्यावर औषध सांपडणें ह्यांत साठ वर्षें गेलीं.

त्या साठ वर्षांत रोग्यापुढें एकच मार्ग होता: विश्रांति, मोकळी हवा, सकस अन्न आणि वाट पाहणें. पांचगणीस डॉ. बिलिमोरिया ह्यांनीं १९१२ सालीं क्षयरोग्यांकरितां आरोग्यधाम काढलें. मिरजेच्या मिशन रुग्णालयाचे संस्थापक डॉ. वॉन्लेस ह्यांचें नांव धारण करणारी वॉन्लेसवाडी तेथील क्षयाच्या आरोग्यधामामुळेंच ओळखली जाऊं लागली. आपल्या जवळ औंध येथेंही असें रुग्णालय होतें. रोगी उघड्या पडवींत महिनोन् महिने पडून राहत. थर्मामीटर व वजनकांटा हींच त्यांचीं पंचांगें. कांहीं बरे होत, पुष्कळ होत नसत. विश्रांतीनें शरीरास लढण्याचें बळ मिळे, पण जंतु मारण्याचें काम विश्रांतीस साधत नसे.

शस्त्र सांपडलें तें मातींत. १९४३ सालीं अमेरिकेंत सेल्मन वॉक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेंत ॲल्बर्ट शॅट्झ नांवाच्या तरुण संशोधकास मातींतल्या एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन हें द्रव्य मिळालें. इंग्लंडांत त्याची पद्धतशीर परीक्षा झाली व तिचा वृत्तांत १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. १०७ रोगी होते. ५५ जणांस औषध व विश्रांति, ५२ जणांस केवळ विश्रांति दिली. सहा महिन्यांच्या अखेरीस पहिल्या गटांत ४ व दुसऱ्या गटांत १४ मृत्यु झाले होते. हा मोहोर पाहून कोणाचें मन हरखणार नाहीं? पण पुढें विपरीत घडूं लागलें. ज्यांचा ताप उतरला, वजन वाढलें, अशा कित्येकांस पुनः खोकला लागला, आणि आतां त्याच औषधाचा गुण येईना. औषधास न जुमानणारे जे थोडे जंतु आरंभीं होते तेवढेच वांचले व वाढले होते. पांच वर्षांनंतर पाहिलें तेव्हां दोन्ही गटांतील अंतर पुष्कळच कमी झालेलें आढळलें.

ह्या निराशेंतून जो धडा मिळाला त्यावरच आजचा सारा उपचार उभा आहे. जंतूवर एकाच वेळीं दोन-तीन निरनिराळ्या औषधांनीं हल्ला करावा, म्हणजे एकास न जुमानणारा जंतु दुसऱ्यानें मरतो. १९५२ सालीं आयसोनियाझिड उपयोगांत आलें, पुढें रिफाम्पिसिन आलें, आणि पूर्वीं दीड-दोन वर्षें चालणारा उपचार सहा महिन्यांवर आला.

ह्या इतिहासांत आपल्या पिंपरीचेंही एक पान आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साह्यानें १९५४ सालीं येथें हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, ज्यास आपण एच. ए. म्हणतों. १९५५ सालीं येथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. पुढें स्ट्रेप्टोमायसिनही होऊं लागलें. येथील संशोधक डॉ. थिरुमलाचार ह्यांनीं बुरशीवरील एक औषध शोधलें. त्याचें हॅमायसिन हें नांव कारखान्याच्या नांवावरून पडलें, आणि तें ज्या सूक्ष्म जीवापासून मिळालें त्याचें शास्त्रीय नांव आहे स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. आपल्या गांवाचें नांव एका जिवाणूनें जगाच्या शास्त्रग्रंथांत नेलें, हें किती जणांस ठाऊक आहे?

दुसरा महत्त्वाचा प्रयोग मद्रासेस झाला. १९५६ सालीं तेथें क्षयोपचाराचें एक केंद्र उघडलें गेलें. कांहीं रोगी आरोग्यधामांत ठेवले; कांहींस त्यांच्या दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरींच ठेवून तींच औषधें दिलीं. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नियमानें औषध घेणारा घरचा रोगी आरोग्यधामांतल्या रोग्याइतकाच बरा होतो, आणि घरांतल्या माणसांस त्यामुळें अधिक धोकाही पोंचत नाहीं. ह्या निष्कर्षानें जगांतील आरोग्यधामांचीं दारें हळुहळू मिटलीं. गरिबाच्या दृष्टीनें ही केवढी मोठी मुक्तता! पण तिच्याबरोबर एक भारही घरावर आला. पूर्वीं रोग्यास वेळेवर औषध देण्यास परिचारिका असे; आतां तें काम पत्नीनें, मुलानें, आईनें करावयाचें.

मग सहा महिने कशासाठीं? ताप तर दोन-तीन आठवड्यांत उतरतो, दोन महिन्यांत भूक परत येते, अंगावर मांस चढतें. येथेंच विषयाचा गाभा आहे. इतर पुष्कळ जंतु अनुकूल स्थितींत वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूस त्याकरितां पंधरा-वीस तास लागतात. औषधें बहुतेक वाढत्या जंतूवर चालतात. सुरुवातीच्या दोन महिन्यांत चार औषधें मिळून ह्या वाढत्या जंतूंचा फडशा पाडतात, आणि रोग्यास बरें वाटतें तें त्यामुळें. पण कांहीं जंतु वाढणें थांबवून निपचित पडलेले असतात. झाडाची कळी जशी खवल्याखालीं शिशिर काढते, तसे हे जंतु शरीराच्या कोपऱ्यांत आपला हिंवाळा काढीत असतात. त्यांतला एखादा अधूनमधून जागा होतो, आणि जागा झाला कीं औषध त्यास गांठतें. राहिलेले चार महिने ह्या झोपलेल्यांच्या वाटेवर पाळत ठेवण्यासाठीं आहेत. औषध मध्येंच थांबलें तर शरीर उघडें पडतें, आणि वसंत येतो तो रोग्याचा न येतां रोगाचा येतो.

चाकणच्या बाजूस राहणारें एक कुटुंब आमच्या परिचयाचें आहे. कर्ता पुरुष एका कारखान्यांत कामास, मुलगी नववींत. एके वर्षीं दिवाळीपूर्वीं त्यांस खोकला लागला. संध्याकाळीं कणकण येई, रात्रीं घामानें सदरा भिजे. तपासणींत क्षय निघाला व औषध सुरू झालें. नाताळच्या सुटींत ते भेटले तेव्हां चेहऱ्यावर तजेला होता. वजन चार किलो वाढलें होतें. संक्रांत झाल्यावर त्यांनीं गोळ्या बंद केल्या. कारणें विचारलीं तर एकही मूर्खपणाचें नव्हतें. गोळ्या आणावयास अर्धा दिवस मोडे व तेवढी मजुरी जाई. गोळ्यांनीं मळमळ होई. शेजारीं पेला वेगळा ठेवूं लागले होते. आणि मुख्य म्हणजे आतां बरें वाटत होतें. फाल्गुनांत ताप परत आला. सुदैवानें जंतु औषधास सरावलेले नव्हते, म्हणून तींच औषधें पुनः पहिल्यापासून चालू करतां आलीं. ते सरावलेले असते तर उपचार अधिक लांबला असता, औषधें अधिक कडक लागलीं असतीं, आणि यशाची खात्रीही कमी असती. ह्या वेळीं गोळ्यांचें खातें मुलीनें आपल्याकडे घेतलें. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ती रोज फुली मारी, आणि शाळेस निघतांना दारांतून विचारी, “बाबा, गोळी घेतलीत ना?” बाबा कधीं चिडत, कधीं हंसत, पण फुली चुकली नाहीं. त्या सहा महिन्यांत तिचे गणिताचे गुण घसरले. आम्हीं त्याबद्दल तिला बोल लाविला नाहीं.

ह्या ठिकाणीं पालकांस चार शब्द सांगणें अवश्य वाटतें. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, सायंकाळचा ताप, घटतें वजन, मंदावलेली भूक, रात्रीचा घाम, ह्यांपैकीं कांहींही दिसलें तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांत ही तपासणी व पुढील औषधें विनामूल्य मिळतात. २०१८ पासून रोग्यास पोषणासाठीं सरकार दरमहा ५०० रुपये देऊं लागलें. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली आहे. हा रोग हवेंतून, खोकल्याच्या तुषारांतून पसरतो. पेल्यांतून, ताटांतून, शिवण्यांतून पसरत नाहीं. योग्य औषध चालू झाल्यावर त्याचा संसर्ग थोड्याच आठवड्यांत पुष्कळ ओसरतो. तेव्हां पेला वेगळा ठेवण्यापेक्षां खिडकी उघडी ठेवणें हें अधिक शहाणपणाचें. घरांत लहान मुलें असतील तर त्यांचीही तपासणी करावी व प्रतिबंधक औषधाविषयीं डॉक्टरांस विचारावें.

आजारानें घरीं राहिलेल्या विद्यार्थ्यांसही कांहीं सांगावयाचें आहे. रोग हा हिंवाळ्याप्रमाणें उपकारक असतो असें आम्ही म्हणत नाहीं. आंब्यास थंडी हवी असते, मुलास क्षय नको असतो. परंतु आजारानंतरची जी निवांत विश्रांति, तिला मात्र झाडाच्या शिशिराची उपमा शोभते. त्या काळीं शरीर झिजलेलें भरून काढीत असतें. दूध, डाळी, अंडीं, शेंगदाणे, जें परवडेल तें वेळेवर खावें. झोप मोडूं नये. अभ्यास थोडा थोडा करावा. वर्गांतील मुलें पुढें गेलीं ह्या विचारानें रडणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांच्या सोबत्यांनीं अशा वेळीं वही नेऊन द्यावी, व पांच मिनिटें बसून वर्गांतल्या गमतीही सांगाव्यात. दुसरें कांहीं न जमलें तर एवढें सर्वांस जमतें.

आणि एक काम सर्वांसाठीं, आजाऱ्यांसाठीं विशेषेंकरून. खिडकींतून दिसणारें एक झाड निवडा. पिंपळ, चिंच, करंज, कोणतेंही चालेल. नाताळच्या सुटीपासून आठवड्यांतून एकदां त्याकडे नीट पाहून दोन ओळी लिहा: पानें किती उरलीं, कळी दिसली काय, मोहोर कधीं आला, तो टिकला कीं झडला, कोणते पक्षी आले. पिंपळ आणि चिंच ह्यांच्या पालवींत किती दिवसांचें अंतर पडतें हें पाहण्यासारखें आहे. निगडीच्या दुर्गा टेकडीवरचें झाड आणि चाकणच्या रस्त्याकडेचें धुळीनें माखलेलें झाड ह्यांची तारीख एकच येते काय, हेंही पाहतां येईल. अशा टिपणांतील निवडक टिपणें पुढील अंकांत छापण्याचा विचार आहे. टिपण कागदाच्या एकाच बाजूस लिहावें, आणि झाडाचें नांव, ठिकाण व पहिली पालवी दिसल्याची तारीख घालण्यास विसरूं नये.